दहा ते तेरा

(नाशिक रोड, जेल रोडवरच्या एका सोसायटीतला दुसरा मजला. संध्याकाळचे सात. ललित ओट्याशी. त्याची आई सविता स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.)

सविता: सगळं पाणी एकदम ओतू नको म्हटलं होतं ना.

ललित: ओतलं आता.

सविता: मग वरून पीठ घे थोडं. आणि मळ. झालं असं वाटलं की आणखी मळ. गहू एकवेळ माफ करतो, बाजरी नाही करत.

ललित: तू आत येऊन एकदा दाखव ना. दोन मिनिटं फक्त. आजी हरिपाठाला गेलीये, कोण बघतंय?

सविता: नको. आत्यांना कळतं. मागे एकदा मिठाची बरणी जागची हललेली दिसली, तर सगळे डबे घासून पुन्हा भरायला लावले होते. तृप्तीची अख्खी दुपार गेली त्यात.

ललित: आमच्या कॉलेजात सांगितलं ना, की आमची आई महिन्यातले चार दिवस किचनमध्ये येत नाही आणि मी भाकऱ्या थापतो, तर पोरं लोळतील हसून.

सविता: मग नको सांगू. तळहाताच्या बुडानं दाब, बोटांनी नुसतं कुरवाळू नको. मांजर आहे का ते?

ललित: तृप्तीताईला हे सगळं येत होतं?

सविता: ती पुण्याला नर्सिंगला गेली तोवर करत होती ना. तुझ्यापर्यंत वेळच आली नाही. तुला चहाचं आधण ठेवता येत नव्हतं जूनपर्यंत. दूध उतू गेलं की मला हाक मारायचास.

ललित: आता नाही जात उतू.

सविता: नाही जात. भाजीत पाणी किती राहिलंय बघ. झाकण टॉवेलनं धर.

ललित: ठीक आहे अजून. वांगी शिजलीत. बाबांना पण येत असेल ना काहीतरी, त्यांना का नाही लावत कामाला?

सविता: बाबांना चहा येतो. तोही आपल्यापुरता. आणि या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे त्यांची. एकलहऱ्याहून घरी यायला बारा वाजतात. आत्यांचे गुडघे ओट्यापाशी उभं राहू देत नाहीत, आणि बाहेरचं त्यांना चालत नाही. मग उरलं कोण?

ललित: मी.

सविता: गोळा कर आता. एका भाकरीएवढाच. खाली पीठ भुरभुरव.

ललित: पोट दुखतंय का तुझं? गरम पाण्याची पिशवी भरून देऊ? पाणी तापलेलंच आहे.

सविता: दे नंतर. आधी भाकरी बघ.

ललित: आई, पुढच्या महिन्यात मला जमणार नाही हां. दहा मार्चला फिजिक्सची प्रॅक्टिकल आहे आणि अकराला केमिस्ट्री. तू बारापासून बस.

सविता: असं ठरवून बसता येतं का रे? ही काय रजा आहे का कंपनीची?

ललित: तुला येतं.

सविता: काय?

ललित: तवा तापलाय. थापू?

सविता: थांब. गॅस बारीक कर. काय म्हणालास तू?

ललित: काही नाही.

सविता: ललित.

ललित: मी फोनमध्ये रिमाइंडर लावलाय. ताई गेल्यावर जुलैत तू पहिल्यांदा मला सांगितलंस ना, की आता चार दिवस तुला करावं लागेल, ती दहा तारीख होती. मी दहाला मंथली रिपीट लावून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी क्लासवरून लवकर यायचं. नंतर बायोलॉजीत आलं ते सगळं. अठ्ठावीस दिवस, कुणाचे तीस, मागेपुढे होतं. मॅडमनी चार्ट काढायला लावला होता. मला वाटलं, रिमाइंडर दर महिन्याला बदलावा लागणार. पण एकदाही लागला नाही. ऑगस्ट दहा, सप्टेंबर दहा, ऑक्टोबर दहा. मधला महिना तीसचा असो की एकतीसचा. शरीराला इंग्रजी तारीख कशी कळते, आई?

सविता: कधीपासून आहे हे तुझ्या डोक्यात?

ललित: दिवाळीपासून.

सविता: आणि बोलला नाहीस.

ललित: काय बोलणार? आईला विचारायची गोष्ट आहे का ही? आधी मला वाटलं, काहीतरी आजार असेल तुला. नेटवर वाचत बसलो, तिथं तर भलभलतंच होतं. घाबरलो होतो मी. मग मोजे शोधताना कपाटात पॅडचं पाकीट दिसलं. ताईनं जाताना तुझ्यासाठी आणून ठेवलेलं. जूनमधलं. ते फोडलेलंच नाहीये.

सविता: भाकरी थाप. हात थांबवलास की पीठ सुकतं, मग कडा फाटतात.

ललित: आई.

सविता: थापता थापता ऐक. मला तुझ्या तोंडाकडे बघून नाही सांगता येणार.

ललित: थापतोय.

सविता: दीड वर्ष झालं. मागल्याच्या मागल्या ऑगस्टात, दहा तारखेला आली ती शेवटची. पुढच्या महिन्यात वाट बघितली, नाही आली. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मीही म्हटलं, चला, वय झालं. नोव्हेंबरात त्या दहा तारखेला कंपनीच्या बसमधून उतरले, तर पाय असे भरून आलेले. दिवसभर उभं राहून बाटल्या खोक्यात भरायच्या, तुला माहितेय. जिना चढताना वाटलं, आता वर जाऊन पीठ मळायचं. आत्यांचं निराळं, बाबांचा डबा निराळा, तुमचं निराळं. दार उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, आत्या, मी बाजूला आहे.

ललित: म्हणजे ठरवून नाही?

सविता: त्या दिवशी नाही. आत्या म्हणाल्या, बस मग. तृप्तीनं चहा आणून दिला. कपबशीत. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं रे.

ललित: आणि पुढच्या महिन्यात?

सविता: पुढच्या महिन्यात ठरवून बोलले.

ललित: सरळ सांगायचं ना, दमलेय म्हणून. मी केलं असतं.

सविता: सांगितलं होतं.

ललित: कधी?

सविता: गेल्या ऑक्टोबरात. वीस-बावीस तारीख असेल. अंगात ताप होता, डोकं वर करवत नव्हतं. तुला म्हटलं, आजच्या दिवस कुकर लाव. तू काय म्हणालास, आठवतं?

ललित: नाही.

सविता: म्हणालास, पण आज तुझे दिवस नाहीयेत ना?

ललित: मी असं म्हणालो?

सविता: रागानं नाही म्हणालास. नुसतं विचारलंस. मग मी उठले आणि लावला कुकर.

ललित: सॉरी.

सविता: तुझं एकट्याचं नाही. या घरात दमलेय म्हटलं की जो तो आपापलं दमणं सांगायला लागतो. तुला क्लास, बाबांना शिफ्ट, आत्यांना गुडघे. आणि ते खोटं नसतंच कुणाचं. पण बाजूला आहे म्हटलं की कुणी एक शब्द विचारत नाही. उलट, आतच येऊ नको म्हणतात.

ललित: आणि गरम पाण्याची पिशवी? दर महिन्याला भरून देतो मी तुला. पोट दुखत नसताना घेत होतीस?

सविता: कंबर दुखते. पाय दुखतात. तू न सांगता भरून देतोस म्हणून बरं वाटतं. त्यात खोटं काही नव्हतं.

ललित: मला वाटायचं, मी तुझी काळजी घेतोय.

सविता: घेतच होतास की. टाक ती तव्यावर.

ललित: तसं नाही ते. मला वाटायचं तू मला शिकवतेयस. बाहेरगावी शिकायला गेलो तर उपयोगी पडेल, स्वतःच्या पायावर उभं राहायला यावं, असं काहीतरी. मी मित्रांना पण तेच सांगतो. की आमच्या आईचा तसा विचार आहे.

सविता: छान वाटलं असतं मला पण, तसा विचार असता तर. खरं सांगू? तुला काही धडा द्यावा असं माझ्या मनात नव्हतं. मला नुसतं बसायचं होतं. आणि इथं बसून कुणी काही करताना बघायचं होतं. तू शिकलास ते वरचं झालं.

ललित: मग आजीला सांगून टाक ना. बंद झालं म्हणून. सगळ्यांचंच होतं.

सविता: सांगते. मग काय होईल तेही ऐक. दुसऱ्या दिवसापासून देव माझ्याकडे येतील. आत्या कधीपासून म्हणतायत, हिचं एकदा सुटलं की घरचे देव हिच्या हाती देते, सोवळ्यातला नैवेद्यसुद्धा. कंपनीची बस सव्वासहाला नाक्यावर येते. म्हणजे चारला उठायचं. ते एक वेळ करीनही. पण हे चार दिवस जातील.

ललित: चार दिवसांनी एवढा काय फरक पडतो?

सविता: तुझ्या लेखी नसेल पडत. मी दहा ते तेरा या भरवशावर बाकीचे सव्वीस दिवस ढकलते. पाच तारीख उलटली की म्हणते, आता पाचच दिवस. आता तुलाही कळलं. संपलंच म्हणायचं.

ललित: मी कुठं कुणाला सांगतोय?

सविता: तू नाही सांगणार. पण दहा तारखेला इथं बसून तुझ्या पाठीकडे बघायला मला लाज वाटेल. सतरा वर्षांच्या पोरानं आईचं हे पकडावं.

ललित: आई, रडू नको ना.

सविता: रडत नाहीये. तुझी भाकरी करपतेय. उलट ती.

ललित: कालथा कुठाय?

सविता: तुझ्या डाव्या हाताला. डाव्या, डाव्या. अरे, धूर झाला सगळा. सर बाजूला, मी बघते.

ललित: तू नको येऊ आत.

सविता: सर म्हटलं ना. तवा खाली उतरव. खिडकी उघड ती.

यशोदाबाई: दार सताड उघडं. जिन्यापर्यंत करपल्याचा वास येतोय. काय चाललंय?

ललित: आजी, तू एवढ्या लवकर?

यशोदाबाई: गुडघा धरला. अर्ध्यातून उठून आले. सविता, तू आत हायस?

ललित: मीच बोलावलं तिला. हात भाजला माझा.

यशोदाबाई: दाखव.

ललित: जास्त नाही भाजला.

यशोदाबाई: दाखव म्हणते ना. हा? दुसरा दाखव. कुठं भाजलाय रे?

सविता: आत्या, त्याला नका खोटं बोलायला लावू. त्याला काही झालेलं नाही. मला पण काही झालेलं नाही. माझं दीड वर्षापूर्वीच बंद झालं. दर दहा तारखेला मी तुम्हाला खोटं सांगत आले. आता काय बोलायचं ते बोला.

यशोदाबाई: आधी मला खुर्ची द्या कुणीतरी.

ललित: ही घे. बस.

यशोदाबाई: पाणी दे.

ललित: हे घे.

यशोदाबाई: ठाऊक हाय मला.

सविता: काय ठाऊक आहे?

यशोदाबाई: तुझं गेलं ते.

सविता: कुणी सांगितलं?

यशोदाबाई: सांगायला कशाला पाहिजे? तीन पोरी वाढवल्या, दोन जावांबरोबर नांदले. बाई बाजूला बसली की तिचं तोंड कसं उतरलेलं असतं. तू बसली की तुझं तोंड उजळतं. दर महिन्याला. सोफ्यावर पाय वर घेऊन बसती आन कढीपत्ता निवडता निवडता गाणं गुणगुणती. एरवी कधी गुणगुणती का तू?

सविता: मग बोलला का नाहीत?

यशोदाबाई: बोलणारच होते. तृप्ती होती तवर लय राग यायचा. म्हटलं, आम्हाला काय समजती ही. देवाधर्माच्या गोष्टीत खोटेपणा. एका दिवशी तर तोंडापर्यंत आलं होतं.

सविता: मग?

यशोदाबाई: मग ती पुण्याला गेली, आन हा पोरगा भाकरी घेऊन आला. वेडीवाकडी, एका बाजूनं जाड. पण गरम. तव्यावरून थेट माझ्या ताटात. मी बसलेली, आन कुणीतरी मला गरम वाढतंय. मला ते कधीचं आठवलं.

ललित: कधीचं?

यशोदाबाई: गावाकडं, देवळ्याला होतो तवाचं. आमच्यात बाजूला बसायचं म्हंजे काय आराम नव्हता बाबा. दिवसभर कांद्याच्या वाफ्यात निंदायचंच. शेताला विटाळ लागत नाय, चुलीला तेवढा लागतो. पण सांजच्याला मातूर घरी आलं की पडवीत बसायचं. सासू वरून टाकायची भाकरी, हात लागू नये म्हणून. वरून टाकली तरी गरम असायची. दुसऱ्याच्या हातची. महिन्यातून चार वेळा.

सविता: तुम्ही कधी बोलला नाहीत हे.

यशोदाबाई: कुणी विचारलं? आन मग तेही गेलं. अडतिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली.

ललित: कसली पिशवी?

यशोदाबाई: गर्भाची रे. अंगावरून जायचं लय. डॉक्टर म्हणला, काढून टाका, कटकट मिटंल. कटकट मिटली. दहाव्या दिवशी चुलीपुढं बसवलं मला. सासू म्हणली, आता तुला काय अडचण नाय, आता बारमाही मोकळी. टाके कच्चे होते. तवापासून बघ, चौतीस वर्सं. या घरात ही आली तोवर मी एक दिवस चुलीपासून उठले नाय. हिला बाजूला बसायला मिळावं म्हणून मी एवढं कडक पाळलं. लोक म्हणायचे, म्हातारी सोवळ्याची. हिला चार दिवस तरी बसू दे म्हणावं, दुसरं काय.

सविता: मिठाची बरणी हलली म्हणून सगळे डबे घासायला लावलेत ते?

यशोदाबाई: ते खरं सोवळं होतं. आता सगळंच काय माझं चांगलं धरू नको.

सविता: आत्या, मला वाटलं होतं तुम्ही मला उभी चिराल.

यशोदाबाई: दमत नाय का मी? चिरायला पण ताकद लागती.

सविता: आणि देव?

यशोदाबाई: देव माझ्याकडे बरे हायेत. बसून पूजा करायला गुडघे आड येत नाय. मी गेले की मग तुझं तू बघ, नाय तर हा करंल.

ललित: मी?

यशोदाबाई: भाकरी शिकला, पूजा शिकायला काय लागतं? आन परीक्षा कधी हाय म्हणाला तू? जिन्यात ऐकू येत होतं.

ललित: दहा आणि अकरा मार्च. म्हणजे तू सगळं ऐकलंस?

यशोदाबाई: दोन जिने चढायला मला किती वेळ लागतो, ठाऊक हाय ना? सगळं ऐकलं. मग पुढच्या महिन्यात हिचं बाराला येईल. या वयात मागंपुढं होतंच. तुझ्या बापाला यातलं काय कळता कामा नये.

ललित: बाबांना सांगितलं तर काय होईल?

यशोदाबाई: तो म्हणंल, दमली असंल तर सांगायचं ना सरळ.

सविता: हेच म्हणाला हा पण.

ललित: मी परत नाही म्हणणार.

यशोदाबाई: म्हणशील. पुरुष हायस, म्हणशील. म्हटलास की आठव. तवा परत ठेव वर. पीठ उरलंय का?

सविता: उरलंय तीन भाकऱ्यांचं. पण मघाशी सैल झालंय. द्या, मी थापून टाकते पटकन, उशीर झालाय तुम्हाला. आता आत आलेच आहे तर.

यशोदाबाई: सविता.

सविता: काय?

यशोदाबाई: हात धू आन बाहेर जाऊन बस. आज दुसराच दिवस हाय तुझा.